दोन तुकडे

दुकान नवं झालं आणि मावशीच्या वाट्याला भिंत आली.

आधी तिथं काउंटर होतं. लांबलचक, कडेचा पत्रा हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. त्याच्यामागे मावशी एकोणीस वर्षं उभी राहिली. बर्गर, तळलेली कोंबडी, फ्राइज, कॉफी. कुठल्याही गावात मिळावं तसलंच ते दुकान. पण गिऱ्हाईक दारातून आत येतंय तोवर मावशी त्याचं नाव घेऊन आतल्या माणसांना हाळी द्यायची. गिऱ्हाइकांची खरी नावं तिला ठाऊक नव्हती, तिनं ठेवलेली मात्र सगळ्यांना पाठ होती. एक होता 'बर्फ नको'. एक होता 'आजपासून डाएट'. तो रोज आजपासून डाएट म्हणायचा आणि रोज मोठे फ्राइज न्यायचा.

"उद्या नक्की ना?" मावशी विचारायची.

"उद्या म्हणजे उद्या," असं म्हणत तो काउंटरवरच पहिला घास घ्यायचा.

आणि होते 'अर्धंअर्धं'. रिटायर झालेला पोस्टमन आणि त्याची बायको. अकरा वाजून दहा मिनिटांनी यायचे. एक बर्गर, कांदा नको, दोन कॉफ्या.

"तूच काप गं ताई," पोस्टमन म्हणायचा. "हिच्या हातात सुरी दिली की माझा तुकडा लहान होतो."

मावशी ब्रेडच्या सुरीनं मधोमध तिरका काप घालायची आणि दोन कागदांत दोन तुकडे गुंडाळायची. बायको हळूच विचारायची, "मोठा कुणाचा?" मावशी तितक्याच हळू सांगायची, "तुमचाच." मग पोस्टमन विचारायचा, आणि त्यालाही तेच सांगायची. दोघं खूश. एकोणीस वर्षांत तिनं मारलेली थाप एवढीच.

मग दुकान दहा आठवडे बंद राहिलं. जुनं सगळं पाडून नवं करायचं होतं. मावशी घरी बसली. एक खोली, एक खिडकी, रविवारी धाकट्या बहिणीचा फोन. एका बुधवारी दूध वर येताना ती भांड्याला म्हणाली, "अगं, थांब थांब," आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. रविवारनंतर तोंडातून निघालेला तो पहिला शब्द होता.

दुकान उघडलं तेव्हा ओळखूच येईना. पुढं सगळी काच. माणसाच्या उंचीचे तीन स्क्रीन, बोटानं दाबायचं, पैसे तिथंच भरायचे. काउंटरच्या जागी आडवी भिंत आणि भिंतीत टपालाच्या पेट्यांसारखे खण. आतल्या माणसानं खणात पिशवी ठेवून झाकण लावायचं. मग पलीकडचं झाकण उघडायचं. दोन्ही झाकणं एकदम कधी उघडत नसत. म्हणजे आतून बाहेरचं दिसायची सोयच नव्हती.

मॅनेजर वयानं तिच्या भाच्याएवढा. माणूस वाईट नव्हता.

"मावशी, आता घशाला आराम," तो म्हणाला.

"समोर कुणीच नाही उभं राहणार?"

"महिनाभर बघू. गिऱ्हाइकं म्हणाली की माणूस हवं, तर कोपऱ्यात छोटं काउंटर टाकायचं असं ठरलंय. तिथं तुम्हीच. पण त्यांनी विचारायला हवं."

मावशीनं ते मनात गाठ मारून ठेवलं. महिना म्हणजे तीस दिवस. तिला ओळखणारी माणसं कमीत कमी शंभर. त्यातल्या एकानं विचारलं तरी पुरे.

ती आत बर्गर रचायला लागली. डोक्यावरच्या स्क्रीनवर मागणी उमटायची, नुसती अक्षरं आणि नंबर. चौथ्या दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटांनी उमटलं: एक बर्गर, कांदा नको, दोन कॉफ्या.

मावशीला हसूच फुटलं. तिनं सुरी घेतली, तिरका काप घातला, दोन कागदांत गुंडाळून पिशवी खणात ठेवली.

शेजारी फ्रायरवाला उभा होता. "मावशी, कापा म्हणून लिहिलंय कुठं?"

"ह्यांचं लिहावं लागत नाही."

"ह्यांचं म्हणजे कुणाचं? भिंतीपलीकडचं दिसायला लागलं वाटतं तुम्हाला!"

"दिसतं तर," मावशी म्हणाली. "तू तुझ्या तेलाकडे बघ, बटाटे काळे पडले."

त्या दिवसापासून मागणी रोज यायची आणि मावशी रोज कापायची. तिचा हिशोब सरळ होता. कापलेला बर्गर बघितला की दोघांना कळणार, आपली ताई आत आहे. आज ना उद्या पोस्टमन मॅनेजरला गाठून म्हणणार, अहो, तिला जरा बाहेर पाठवा की. रोज घरी जाताना ती मॅनेजरला विचारायची, "कुणी विचारलं का?" तो मान हलवायचा. मग बसमध्ये मावशी त्यांच्या वतीनं कारणं शोधायची. बायकोचे गुडघे दुखतात, घाईत असतील. पोस्टमनला मॅनेजर सापडला नसेल. कारणं पुरत होती, दिवस संपत चालले होते.

सव्विसाव्या दिवशी उमटलं: एक बर्गर, कांदा नको, एक कॉफी.

मावशीनं ते पुन्हा वाचलं. दुकान बंद व्हायच्या आधी बायकोला खोकला होता, चांगला महिनाभर. की पोस्टमनलाच काही झालं? दोघांतलं कोण राहिलं असेल? तिनं सुरी उचलली आणि परत ठेवली. एकट्या माणसापुढे दोन तुकडे कसे ठेवायचे? तिनं बर्गर अख्खाच गुंडाळला, खणात ठेवला, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. मागे तीन मागण्या तुंबल्या.

"मावशी, काय झालं?" फ्रायरवाल्यानं विचारलं. ह्या वेळी त्यानं थट्टा केली नाही.

एवढ्यात मॅनेजर दारातून डोकावला. "मावशी, बाहेर एक गिऱ्हाईक विचारतंय."

"मला?"

"आज कापला का नाही, असं. तुम्ही रोज कापत होता?"

मावशीनं हातमोजे ओढून काढले, एप्रनला हात पुसले. काय बोलायचं ते जाताजाता जुळवत होती. फार वाईट झालं हो. त्यांचा तुकडा मी नेहमी...

बाहेर काचेतून इतकं ऊन आलं होतं की क्षणभर तिला काही दिसेना. मग दिसली एक चाळिशीची बाई, अंगात ड्रायव्हिंग स्कूलचं जाकीट, हातात उलगडलेला बर्गर. मावशीनं तिच्या मागे पाहिलं, टेबलांकडे पाहिलं. पोस्टमन नव्हता. त्याची बायको नव्हती.

"तक्रार नाही हो," बाई ओशाळून म्हणाली. "रोज कापून येतो ना, म्हणून म्हटलं मशीन बिघडलं की काय."

"मशीन नाही. मी कापते."

"तुम्ही? हातानं?" बाईनं डोळे मोठे केले. "मला वाटलं नवी सिस्टीम आहे. बरं पडतं हो. अर्धा आत्ता गाडीत खाते, अर्धा रात्री. घरी एकटीसाठी कोण चूल पेटवणार? कॉफीचंही तसंच. एक आत्ता, एक थर्मासमध्ये. आता डॉक्टर म्हणाले दुसरी बंद करा."

बावीस दिवस मावशी जोडप्यासाठी कापत होती आणि खात होती ही एकटी.

"इथं एक म्हातारं जोडपं यायचं," ती म्हणाली. "पोस्टमन होते. दिसले कधी?"

"उंच, टोपीवाले? उघडलं त्या दिवशी होते की. बायकोही होती. स्क्रीनसमोर बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, काका, दाबून देऊ का? तर म्हणाले, नको, आमची ताई दिसत नाही, तिला माहीत असतं." बाईनं आठवून पाहिलं. "मग गेले. परत नाही दिसले."

मावशी मॅनेजरकडे वळली. "विचारलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

"पण मावशी, मला नाही ना विचारलं." त्याचा स्वर मऊ होता. "मी वर काय सांगू?"

बाई एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. आपलं काही चुकलं का, ते तिला कळेना. मावशीनं तिच्या हातातला बर्गर घेतला, आत नेला, कापला, दोन कागदांत गुंडाळला आणि स्वतः बाहेर आणून दिला. खणातून नाही.

"ह्यातला मोठा रात्रीला ठेवा," ती म्हणाली.

तिसावा दिवस गेला. काउंटर काही आलं नाही. मॅनेजरनं मात्र कापण्याचं वर कळवलं होतं, आणि पुढच्या सोमवारी बाहेरच्या तिन्ही स्क्रीनवर नवं बटण आलं: 'दोन तुकडे'.

मावशीनं विचारणं सोडलं होतं. मॅनेजरच एका संध्याकाळी आपणहून येऊन म्हणाला, "मावशी, तुमचं बटण फार चालतंय हं. सगळ्या दुकानांत लावणार म्हणतात."

"हो का," मावशी म्हणाली.

आता अकरा वाजून दहा मिनिटांच्या आसपास डोक्यावर दोन तुकडे, दोन तुकडे, दोन तुकडे असं उमटत जातं. कुणाचे, ते कळायला मार्ग नाही. मावशी सुरी धुते, पुसते, तिरका काप घालते. एखादी मागणी येते, कांदा नको, दोन कॉफ्या. तेव्हा ती झाकण लावायच्या आधी जरा वाकून खणात बघते. पलीकडचं झाकण बंदच असतं.