दार लावून दिलेला अंगठा

मी एक जुनी शाईची डबी आहे. तुम्ही स्टॅम्प पॅड म्हणता ना, तीच. निळा पत्रा, झाकणाला पोचा, आत जांभळी शाई प्यालेलं कापड. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी जरा मिरवूनच सांगतात. मलाही मिरवायची फार खोड होती. आज मात्र मिरवण्यासारखं थोडं आहे आणि तोंड लपवण्यासारखं जास्त.

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला, ते मला ठाऊक नाही. मला समज आली ती अंबडला, कोर्टाबाहेर, कडूबा अर्जनवीसाच्या टेबलावर. कडूबा लोकांचे अर्ज लिहायचा. पण नुसत्या लिहिण्याला कोण विचारतं? त्याच्याखाली अंगठा उमटला की कागदात जीव यायचा, आणि तो अंगठा रंगवायची मी. कापूस वेचणारे, ऊस तोडणारे, शेण सारवणारे अंगठे यायचे. किती भेगाळलेले असोत, मी एकालाही नाक मुरडलं नाही.

मग अंगठा ओळखणारी काचेची मशीन आली. तिच्यावर साहेबसुद्धा अंगठा देतो, मान ताठ ठेवून देतो. तोच अंगठा माझ्यावर दिला की माणूस अडाणी ठरतो. हा कुठला न्याय, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी ड्रॉवरमध्ये गेले. कडूबाला आठवण झालीच तर तो दोन थेंब शाई पाजायचा.

अशात एक दिवस चांगुणाबाई आल्या. अंगणवाडीत बत्तीस वर्षं मदतनीस होत्या. बोलणं असं, की समोरच्यानं पदर सावरून बसावं.

"जयभीम, मावशी. बसा की."

"बसायला न्हाई आले. लिही. माझ्यामागं माझं घर शालूला."

"शालू म्हंजे तुमच्या मिथुनची..."

"मिथुनला जाऊन अकरा वर्षं झाली. पोरबाळ न्हाई. मला लकवा मारल्ता तवा त्या सुनंनंच मला उचललं-ठेवलं. माझा दुसरा लेक संपत जालन्याहून येतो, चहा पितो अन् जातो. पाव्हणा परवडला, बिस्किटाचा पुडा तरी आणतो."

कडूबा हसला, पण त्यानं लेखणी उचलली नाही. "घर कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या. माझ्या कमाईनं घेतलंय, कुणाच्या बापाचं न्हाई."

"मंग बराबर. स्वतःच्या कमाईचं कुणालाबी देता येतं. पण कागद केला न्हाई तर सगळं लेकाला जाईल. बाईच्या मिळकतीत कायद्यानं विधवा सुनंचा नंबर लागत न्हाई."

"बँकेत तिचं नाव लावलंय की. नॉमिनी."

"ते पैसे उचलून आणणारं नाव, मावशी. मालक न्हाई. आन् घराचा त्याच्याशी काय संबंध?"

मग त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. वकिलाकडे जाण्याआधी खरेदीखत आणि घरपट्टीची पावती एका पिशवीत घालावी. काय काय आपल्या नावावर आहे आणि कुणाला काय द्यायचं, ते मनाशी पक्कं करावं. डोकं ठिकाणावर आहे अशी डॉक्टरची चिठ्ठी घ्यावी. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. सरकारी ऑफिसात नोंदवणं सक्तीचं नाही, पण नोंदवलेलं चांगलं.

"आन् दोन साक्षीदार पाहिजेत," तो म्हणाला. "घराबाहेरचे. तुम्ही अंगठा देताना त्यांनी डोळ्यांनी बघायचं, मंग सह्या करायच्या."

अंगठा म्हणताच चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. पोरांनो, त्याचं कारण मला पुढं कळलं. चाळिशीत त्या रात्रीच्या वर्गात सही शिकल्या होत्या. खाली ऐटीत रेघ ओढायच्या. मग बचत गटाच्या अध्यक्षा झाल्या आणि बैठकीला बायका आल्या की भर सभेत म्हणायच्या, "आल्या अंगठेवाल्या! उषाबाई, आज कोणतं बोट बुडवतीस?" बायका हसायच्या. उषाबाईही हसायची, आणि कोपऱ्यात जाऊन बसायची. लकव्यानं चांगुणाबाईंची ती सही गेली. घराबाहेर त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. "आता होत न्हाई" म्हणून गट सोडला.

कागद लिहून झाला तशी त्यांनी मलाच उचललं. "ही डबी घरी नेते. सह्या मागून आणते."

"मागून चालत न्हाई, मावशी. साक्षीदार समोर..."

"मला शिकवतो का? तुझ्या नाकाला शेंबूड होता तवापासून ओळखते तुला."

कडूबानं मला जाऊ दिलं. तिथं तो चुकला. पण मी त्याला काय नावं ठेवू?

दुसऱ्या दिवशी दुपारी शालू गिरणीवर गेली. चांगुणाबाईंनी दार लावलं, कडी घातली, खिडकीवर टॉवेल टाकला. मला उघडलं. अंगठा माझ्यावर दाबला. कागदावर ठसा उमटला, स्वच्छ, एकेक रेघ मोजावी असा. मग त्यांनी गोडेतेल लावून अंगठा पुसपुस पुसला, जणू चोरी केली होती.

आणि मला काय वाटलं, सांगू? मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणी मला घरी आणलं होतं. मी मनात म्हटलं, मी पाहिलं ना, मग आणखी दोघं कशाला हवेत? या एका विचाराची मला अजून लाज वाटते. मी पाहिलं खरं, पण मला सही करता येत नाही.

"आज शेजारच्या दुर्गाबाईला बोलावते, उद्या बोलावते" करता करता आठ महिने गेले. शालूला त्या एवढंच म्हणाल्या, "तुझी सोय केलीय, रडत बसू नको." मग एका सकाळी चहा पिता पिताच त्या गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर शालू आणि संपत वकिलाकडे गेले. पेटीत सापडलेल्या त्या कागदासोबत शालूनं मलाही पिशवीत घेतलं होतं. वकिलीणबाईंनी कागद उलटा-सुलटा केला.

"साक्षीदार कुठं आहेत?"

"आत्याबाईंनी एकटीनंच..." शालू म्हणाली.

कडूबाला बोलावलं. तो खाली बघत म्हणाला, "लिहिलं मी. अंगठा देताना न्हाई बघितलं."

"मग कोर्टात हा कागद टिकणार नाही," बाई म्हणाल्या. "संपतरावांनी राजीखुशीनं मानलं तर गोष्ट वेगळी."

संपतनं ठशाकडे पाहिलं. त्याला खरंच राग आला होता. "वहिनी, माझी माय सही करायची. अख्ख्या गल्लीला माहीताय. ती मरून जाईल पण अंगठा देणार न्हाई. हा कुणाचा अंगठा हाय?"

ज्या सहीवर चांगुणाबाई मिरवल्या, तीच त्यांच्या शब्दाविरुद्ध उभी राहिली. मी तिथंच, पिशवीत होते. आत शाई होती, तोंड नव्हतं.

शालूनं भांडण केलं नाही. महिन्याभरात संपतनं घर रिकामं केल्याचा कागद आणला. त्यावर तिनं सही केली. दहावी शिकलीय ती. त्या कागदाला मात्र दोन साक्षीदार बिनबोभाट मिळाले. आता ती बसस्टँडमागं एका खोलीत भाड्यानं राहते आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते. मला तिनं फेकलं नाही. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी आजी असेल, बोलायला तिखट. तिला विचारा, तुझ्यामागं कुणाला काय, ते लिहिलंस का? शेजारच्या दोघांना समोर बसवलंस का? तिला अंगठा द्यावा लागला तर तुम्ही हसू नका आणि दुसऱ्याला हसू देऊ नका. कायद्याला अंगठा चालतो; न बघितलेला चालत नाही. ती चिडेल, चार शब्द सुनावेल. ऐकून घ्या आणि पुन्हा विचारा. लाजू नका. लाजायचं काम मी करते आहे, तेवढं पुरे.