चेंडूचे दोन टप्पे

"वहिनी, तुमचा अंगठा परत हलतोय," वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या.

"हलू दे. तुम्ही खेळ बघा."

"काय डोंबल बघू? शिट्टी वाजली की तुमचा अंगठा माझ्या हातावर. सालटं निघेल माझं."

खोटं नव्हतं ते. एकवीस वर्षं मी या हॉलमध्ये टेबलाशी बसून बास्केटबॉलचं घड्याळ चालवलं. पंचांची शिट्टी वाजली की बटण दाबून थांबवायचं, आतल्या खेळाडूचा चेंडूला हात लागला की सुरू करायचं. मूळची मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेतली मदतनीस, लंबकाचे झोके मोजणाऱ्या मुलींना स्टॉपवॉच वाटणारी. घड्याळासाठी माणूस हवा झाला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "आपल्या स्टॉपवॉचबाई आहेत की!" झालं. त्यानंतर घरच्या मैदानावरचा एकही सामना मी चुकवला नाही, आणि खरं सांगायचं तर एकही धड बघितला नाही. घड्याळवालीने बघायचं नसतं, लक्ष ठेवायचं असतं.

एकदाच बघितलं, आणि तेच नडलं.

सात वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. आमच्या मुली एका गुणाने मागे आणि घड्याळावर फक्त दोन सेकंद. बाहेरून चेंडू आत आला, आमच्या नऊ नंबरने तो झेलला आणि अशी काही गिरकी घेतली की मी माझी राहिलेच नाही. दोन्ही हात तोंडावर! चेंडूचा एक टप्पा पडला, दुसरा पडला, तेव्हा कुठे भानावर येऊन मी बटण दाबलं. तिने चेंडू टाकला, तो जाळीतून खाली आला आणि मग भोंगा वाजला. पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. कुणाच्या काहीही लक्षात आलं नव्हतं. मी मूग गिळून बसले असते तर तो चषक आज कपाटात असता.

पण नाही बसवलं. लंबक मोजताना एखादीने झोका चोरला तर मी तिला पहिल्यापासून मोजायला लावायची. आता कुठल्या तोंडाने गप्प बसणार? उठले आणि पंचांना सांगितलं, "घड्याळ मी उशिरा सुरू केलं." त्यांनी बास्केट रद्द केली. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं, 'घरभेदी'. ते मी ओल्या फडक्याने पुसलं आणि घड्याळाचं काम सोडलं. महिन्याभराने नऊ नंबर लंबकाच्या परीक्षेला आली. माझ्या हातून स्टॉपवॉच घेतलं, पण मान वर केली नाही. खडूच्या अक्षरांपेक्षा ती खाली घातलेली मान मला जास्त लागली.

पुढे मी निवृत्त झाले. नऊ नंबर याच कॉलेजात कोच होऊन आली. मी मात्र या हॉलचं तोंड पाहिलं नाही. परवा मी आंघोळीला गेले असताना फोन आला. "कोच बोलतेय, या मोसमातला शेवटचा घरचा सामना आहे, बाईंना नक्की आणा." वन्संनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पोरगी चारचौघांत बोलावून काय ऐकवणार होती, देव जाणे.

"वहिनी, ती उंच, सारखी ओरडतेय ती कोण?"

"तीच ती. नऊ नंबर."

"अगंबाई! दिसायला तर बरी वाटते."

खेळ मात्र काय सुंदर असतो हो! एकवीस वर्षं माझ्या नाकासमोर चालला होता आणि मला पत्ता नाही. एक ठेंगणी पोरगी दोन धिप्पाड मुलींच्या मधून पाण्यासारखी निसटायची. तिच्यापायी मी इतकी ओरडले की पुढच्या रांगेतले गृहस्थ कान झाकून बसले. घड्याळ आता दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याखाली होतं. चुकलं तर ज्याचं त्याने निस्तरावं.

शेवटचे चार सेकंद. आमच्या मुली एका गुणाने पुढे, चेंडू समोरच्यांकडे. त्यांच्या मुलीने चेंडू टाकला, तो कड्यावर आपटला, कड्यावर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. जिंकलो! मी वन्संना मिठीच मारली.

मिठी सोडते तोच कोच पायऱ्या चढून समोर उभी.

"बाई, ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? आवाज अजून तसाच फाटका आहे."

"त्या दिवशी मी चेंडूचे दोन टप्पे घेतले होते."

"ठाऊक आहे. मोजले मी."

"मीही मोजले होते, बाई. दुसरा टप्पा पडला तेव्हाच कळलं, वेळ संपलाय आणि भोंगा वाजत नाहीये. तरी चेंडू टाकला. नंतर सगळ्या तुम्हाला बोलत होत्या तेव्हा गप्प बसले. परीक्षेला तुमच्याकडे बघवेना."

सात वर्षं मी समजत होते, पोरगी माझ्यावर रुसलीय. मला रडूच आलं.

"वेडी कुठली! फोनवर सांगायचं की."

"फोनवर तुम्ही कुठे होतात? आजी होत्या."

"आजी कुणाला म्हणतेस गं?" वन्सं कडाडल्या आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मान खाली घालायला ती आता फार उंच झाली होती, तरी माझा हात पुरावा म्हणून तिने घातली.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्ता ओलांडायला मी वन्संचा हात धरला. चौकातल्या पोलिसाने शिट्टी मारली आणि माझा अंगठा हलला.

"वहिनी..."

"हलू दे हो," म्हटलं. "बापड्याने एकवीस वर्षं चोख काम केलंय."

वन्संनी हात काढून घेतला नाही.