मालकीणबाईंची पाठ

कारखान्यातली कोणतीही नवी गादी मालकीणबाईंनी तिच्यावर आडवे होऊन पसंत केल्याखेरीज बाहेर जायची नाही, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला शिरस्ता होता. यंत्रे दाब मोजीत. शेवटचा शब्द मात्र मालकीणबाईंच्या पाठीचा. ही पाठ एकेकाळी मोठी चोखंदळ होती. अलीकडे बैठका, दौरे आणि फोन यांनी तिचा पार भुगा झाला होता. मालकीणबाई या धावपळीला कामाचा झपाटा म्हणत. त्यांचे यजमान काय म्हणत, ते त्या ऐकून घेत नसत.

गाद्या घेणाऱ्या एका मोठ्या हॉटेलने मागचा माल परत पाठवला होता. आता नवा नमुनाही त्यांना नापसंत झाला, तर सगळे काम दुसरीकडे जाणार होते.

"ताई, नीट बघून सांग हं," उत्पादन सांभाळणारा धाकटा भाऊ म्हणाला.

मालकीणबाई आडव्या झाल्या, त्यांनी डोळे मिटले. "वा! किती सुख वाटतंय. हीच पाठव."

भावाने चादरीचे टोक उचलले. "ताई, ही फळी आहे."

"चांगली आहे फळी," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. मग ताडकन उठून बसल्या. "मोठ्या बहिणीची थट्टा करतोस?"

"थट्टा कसली? मागचा मालही तूच पास केलास. तुझ्या पाठीला हल्ली काहीही चालतं. घरी जाऊन झोप. खरा नमुना उद्या दाखवतो."

"आणि दुपारची बैठक?"

"मी बसतो."

"तू घोरशील!"

"घोरेन. पण कशालाही हो म्हणणार नाही."

मालकीणबाई पर्स उचलून निघाल्या. घरी यजमानांनी त्यांचा फोन काढून घेतला. "कंपनी बुडतेय? बुडू दे, उद्या वर काढू," असे ते कुणालातरी सांगत असल्याचे त्यांना अर्धवट ऐकू आले, पुढचे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खऱ्या नमुन्यावर आडव्या झाल्या. एकदा कूस बदलली, पुन्हा बदलली.

"कमरेशी खचतेय. आणि इथे शिवण टोचतेय."

"काहीतरीच!" म्हणत भावाने हात फिरवला. दोऱ्याची गाठ बोटाला लागताच त्याचा चेहरा पडला. "कालची ताईच बरी होती गं."

मालकीणबाईंनी हॉटेलला फोन लावून दोन दिवस मागितले. तिथला व्यवस्थापक कुरकुरला, पण त्यांनी "मग खचणारी पाठवू का?" म्हटल्यावर नरमला.

भाऊ कात्रीने शिवण उसवू लागला. "परवा सकाळी बघशील ना?"

"बघेन. पण उद्या दुपारनंतर मला कुणीही फोन करायचा नाही. पाठीची तयारी करायची आहे."