आईच्या माशाची बरणी

मामंजींचा दिवस चहाने उजाडत नसे, माशांच्या पेटीने उजाडे. तोंड धुऊन, स्वेटरची बटणं वरखाली लावत ते बोळात ठेवलेल्या लांबट काचपेटीपाशी यायचे, गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे आणि हळूच विचारायचे, "उठलीस का गं?"

आत पंपाने सतत पळतं ठेवलेलं पाणी, आणि त्या पाण्याच्या तोंडावर दगडाला पोट चिकटवून, दोन्ही बाजूंचे पर पंख्यासारखे पसरून बसलेली बोटभर मासळी. डोंगरातल्या ओढ्यांत राहणाऱ्यांची ही तऱ्हाच; पाणी कितीही ओढो, दगड सोडायचा नाही. मामंजींची नजर आता पूर्वीची राहिली नव्हती. त्यांना दिसायची ती नुसती तपकिरी सावली. पण तेवढी दिसली की चेहऱ्यावर समाधान उतरायचं, आणि मग कुठे चहा.

घरात त्या मासळीला 'आईचा मासा' म्हणत. मामंजींनी उभा जन्म ओढेनाले धुंडाळण्यात, माशांचे खवले मोजण्यात, त्यांच्या जाती लावण्यात घालवला होता. नव्याने शोधलेल्या जाती थोड्याच, पण त्यांतल्या एकीला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा मुलगा कॉलेजात होता. त्यांचा फोटो घरात एकच, तोही हात हलल्यामुळे धूसर आलेला. नाव मात्र माशांवरच्या जाडजूड पुस्तकांत ठसठशीत छापलेलं होतं: एका ओढ्यात राहणारा, दुसरीकडे कुठेही न सापडणारा मासा म्हणून.

तेच नाव आता खाली येणार होतं, आणि खाली आणणार होती त्यांची सून.

सूनबाई मुळात मामंजींचीच विद्यार्थिनी. "मासे शिकायला आली आणि माझा मुलगाच गळाला लावून गेली," असं ते चारचौघांत कौतुकाने सांगायचे. ते निवृत्त झाल्यावर संग्रहालयाच्या तळघरातला माशांचा विभाग तिच्याकडे आला. छतापर्यंत मांडण्या, मांडण्यांवर स्पिरिटने भरलेल्या बरण्या, प्रत्येक बरणीत माशांच्या सोबतीला पेन्सिलने लिहिलेली एक चिठ्ठी. पेन्सिलने अशासाठी, की शाई स्पिरिटमध्ये उतरते. नवरा दातांचा डॉक्टर. "तुझ्या अंगाला स्पिरिटचा वास, माझ्या अंगाला लवंगतेलाचा," तो म्हणायचा, "आपल्या घरात यायला डासाचीसुद्धा छाती होत नाही."

झालं होतं असं. काचपेटीच्या मधोमध काचेचीच एक भिंत होती. एकीकडे आईचा मासा, दुसरीकडे खरखऱ्या. खरखऱ्या हे घरातलं नाव. विणीचे दिवस आले की त्याच्या नाकाडावर बारीक पुटकुळ्या उठतात, बोट फिरवलं तर किसणीसारखं लागतं. ही जात जुनी, मामंजींच्या जन्माआधी कुणी नोंदवलेली, डोंगराच्या साऱ्या ओढ्यांत सापडणारी. आईच्या माशाचं नाकाड गुळगुळीत, पोट भरीव, पर आखूड. दोघांत गल्लत व्हायचं कारणच नव्हतं. पेटीत आणल्यापासून आईचा मासा कधी व्यालाही नव्हता. "मानी आहे," मामंजी म्हणायचे, "जिचं नाव लावते तिच्यासारखीच."

गेल्या वर्षी मधली काच तडकली. नवी बसेपर्यंत दोन्हीकडच्या मंडळींचा संसार एकत्र झाला. काच बसली, आणि काही दिवसांतच आईच्या माशाच्या बाजूला दगडाखालून पापणीच्या केसाएवढी पिल्लं बाहेर पडली. मामंजींना कोण आनंद! जिन्यात भेटेल त्याला थांबवून त्यांनी ही बातमी सांगितली. "सूनबाई, तुझ्या हाताला यश आहे हो!"

पिल्लं मोठी झाली. पुढची वीण जवळ आली, तशा त्यांतल्या निम्म्याअधिक पिल्लांच्या नाकाडावर पुटकुळ्या उठल्या.

सूनबाईने भिंग लावून पाहिलं, पुसून पुन्हा पाहिलं, आणि बोळातच फतकल मारून बसली. संग्रहालयात जाऊन तिने खरखरीत नाकाडाचे जुने मासे कापून पाहिले. झाडून सगळे नर. मग माद्या गेल्या कुठे? त्याही सापडल्या, भलत्याच जातीची पिल्लं म्हणून कुणी कुणी वेगवेगळ्या बरण्यांत भरून ठेवलेल्या. नाकाड गुळगुळीत, पर आखूड. दोन जाती नव्हत्याच. खरखऱ्या हा नवरा, आईचा मासा ही बायको. आणि शास्त्राचा दंडक असा की एकाच प्राण्याला दोन नावं पडली असतील, तर आधीचं राहतं.

खात्री करायला एकच बरणी उरली होती. मामंजींनी ज्या माशांवरून ती जात लावली, त्यांची मूळ बरणी. त्यांतल्या एकाही माशाचं पोट कधी उघडलेलं नव्हतं. विभाग सोपवताना मामंजींनी एवढंच बजावलं होतं, "या बरणीला सुरी लावायची नाही." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

"चावी तुमच्याकडे, सुरी तुमच्याकडे," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "कापा आणि मोकळ्या व्हा. सासऱ्यांना सांगायला जातंय कोण?"

"मीच जाईन ना," सूनबाई म्हणाली.

त्या दुपारी ती नवऱ्याच्या दवाखान्यात गेली. तो दोन पेशंटांच्या मधे हात धूत होता. तिने सगळं सांगितलं. हातांचा फेस तसाच ठेवून तो ऐकत राहिला.

"बाबांना नको सांगूस इतक्यात. ते असेपर्यंत तरी..."

"अभद्र बोलू नकोस."

"अगं, शंभरी गाठू देत की त्यांना! पण तोवर तुझे मासे कुठे पळून चाललेत? बरणीत आहेत."

"मासे नाही पळायचे. पण मला जे दिसलं ते उद्या परक्या माणसालाही दिसेल. तो कुठेतरी दोन ओळींत छापून मोकळा होईल, आणि मामंजींना ते बाहेरून कळेल. त्यापेक्षा घरच्या माणसाने सांगितलेलं काय वाईट?"

त्याने नळ बंद केला. "आणि माझ्या आईचं नाव?" या वेळी त्याच्या आवाजात चेष्टेचा मागमूस नव्हता.

आतल्या खुर्चीवरून पेशंटने "आँ?" असा आवाज काढला, तसा तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पेटीपाशी वाकले, त्यांचं "उठलीस का गं" विचारून झालं, आणि तिने तिथेच उभ्याने सांगितलं. आवाज चढवला नाही, शब्द गुळात घोळवले नाहीत.

मामंजी सावकाश ताठ झाले. "दोन जवळच्या जाती एका पेटीत कोंडल्या तर संकर होतो. तुला मीच शिकवलंय हे."

"हो, मामंजी."

"मग? पेटीतल्या पोरांवरून तू ओढ्याचा न्याय करणार?"

"नाही करणार. म्हणून तर विचारते. मूळ बरणी उघडू द्या. त्या गुळगुळीत नाकाडांत एक जरी नर निघाला, तर तुमचा मासा तुमचाच. मीच छापून सांगेन तसं."

"त्या बरणीला सुरी लावायची नाही म्हणून सांगितलं होतं."

"म्हणूनच नाही लावली."

ते खोलीत गेले आणि दार लोटलं. चहा टेबलावर निवला.

दुसऱ्या दिवशी ते पेटीपाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवायला यायचे, पण बोलणं "हं" आणि "पुरे" एवढंच. मुलाने एकदोन विनोद करून पाहिले. ते ताटाच्या कडेला पडून राहिले. सूनबाईच्या मनाला सारखं खात होतं. जे खरं ते सांगितलं, यात तिला चूक दिसत नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाच्या सकाळीतून एवढीशी गोष्ट काढून घेतली, हेही खोटं नव्हतं. मग ती रोज सकाळी पेटीची काच पुसायला घ्यायची आणि पुसता पुसता वाकून विचारायची, "उठलीस का गं?" नेम कुणाचाही असो, तो मोडू नये, एवढंच तिच्या मनात. लोटलेल्या दारापलीकडे खुर्ची करकरायची आणि थांबायची.

एका दुपारी तळघराच्या जिन्यावर काठी वाजली. निवृत्त झाल्यापासून मामंजी इथे उतरले नव्हते. सूनबाई धावली, पण त्यांनी हात धरू दिला नाही. कठड्याला धरून उतरले, वास घेतला, "स्पिरिट बदलायला झालंय त्या कोपऱ्यातलं," म्हणाले, आणि आपल्या जुन्या टेबलाशी बसले. खिशातून जुनं भिंग काढून समोर ठेवलं.

"बरणी काढ."

तिने कुलपाच्या कपाटातून बरणी आणली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली.

"हे मासे मिळाले त्या वेळी तुझ्या सासूबाईंना दिवस गेले होते," ते म्हणाले. "नको म्हणत असताना माझ्याबरोबर डोंगरात आली. मी मधल्या धारेत जाळं लावायला गेलो. तिला म्हटलं, तू काठावरच थांब, पाण्याला ओढ आहे. माझं जाळं दगडात अडकून फाटलं, आणि हिने काठाच्या संथ पाण्यात, मुळांखाली हात घालून हे सगळे पकडले. मला म्हणाली, बघा, तुमच्यापेक्षा मीच बरी. मी तिथल्या तिथे एक कापायला घेतला. तर म्हणाली, नको हो. माझं सुखरूप होईपर्यंत तरी यांच्या पोटाला सुरी लावू नका."

सूनबाई त्यांच्यासमोर टेबलाशी बसली.

"होईपर्यंत. तेवढंच मागितलं होतं तिने." मामंजींनी बरणी खाली ठेवली. "मुलगा झाला, रांगला, शाळेत गेला. बरणी उघडायला काय हरकत होती? पण राहिलं. मग ती गेली. मग मी ठरवूनच टाकलं की शब्द जन्माचा होता. तिचं मागणं एवढंसं, गं. पुढचं सगळं मीच वाढवलं."

ओढ्याच्या मधल्या धारेत नर असतात आणि अंड्यांनी जड झालेल्या माद्या काठाच्या संथ पाण्याला लागतात, हे सूनबाईला पाठ होतं. मामंजींनाही होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कापू मी?" तिने विचारलं.

"तू नको. माझा हात तर बघतेसच, कापतोय. त्याला बोलाव. ज्याच्यासाठी बंद ठेवली होती, त्यानेच उघडू दे."

दातांचा डॉक्टर ॲप्रनवरच धावत आला. त्याला वाटलं, बाबांना काही झालं. सगळं ऐकून तो स्टुलावर टेकला. "म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून हे लोक माझ्यासाठी खोळंबलेत?" म्हणाला, आणि चष्मा काढून उगाचच पुसत बसला. मग त्याने हातमोजे चढवले. सूनबाईने चिमट्याने पहिला मासा बाहेर काढून, पाण्याने धुऊन, मेणाच्या थाळीत उताणा ठेवला. वर्षानुवर्षं स्पिरिटमध्ये राहून तो पांढराफटक पडला होता.

"फार उघडू नकोस," मामंजी म्हणाले. "बोटाच्या पेराएवढंही नको."

"बाबा, माझे पेशंट मला हेच सांगतात."

त्याने अगदी बेताने टोक लावलं. तिघांची डोकी एकमेकांना लागली. चिरेतून पिवळट दाणे दिसले, खसखशीएवढे, दाटीवाटीने पोटभर. मामंजींनी भिंग धरलं, पण ते हातात स्थिर राहीना. सूनबाईने खालून त्यांचं मनगट धरलं. दुसरा मासा तसाच. तिसराही. शेवटच्या माशापर्यंत एकही नर निघाला नाही.

मुलगा मान वर करेना. तेवढ्यात मामंजीच हसले. आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत.

"लग्न झालेलं होतं की हिचं! आणि मी मूर्ख, इतकी वर्षं एकटी समजून बसलो." त्यांनी डोळे पुसले. "लग्न झालं, नाव बदललं. तुझ्या सासूबाईंच्या वेळेसही हेच झालं होतं, तेव्हा कुठे रडलो मी?"

"नाव जात नाही, मामंजी. जुन्या नावाखाली कायम लिहिलेलं राहतं. कुणीही पुस्तक उघडलं की दिसेल."

"ठाऊक आहे. मी कितीजणांची नावं तशी खाली उतरवलीत, हिशेब नाही." ते बरणीकडे पाहत राहिले. "एका ओढ्यापुरती होती बिचारी. आता सगळा डोंगर हिचा झाला."

मासे पुन्हा बरणीत गेले. जुनी चिठ्ठी काढत नसतात. तिच्याशेजारी नवी घालतात. मामंजींनी पेन्सिल मागून घेतली आणि नवी चिठ्ठी स्वतः लिहिली, अक्षर उतरंडीला लागलेलं, पण वाचता येण्यासारखं. खाली लिहायचं बायकोचं नावही त्यांनीच लिहिलं. मुलाने वाकून ते वाचलं आणि ओठ मिटून घेतले.

झाकण घट्ट करता करता मामंजी म्हणाले, "लेख पाठवशील तेव्हा एक वाक्य घाल. या माद्या काठावर मिळाल्या, कारण पकडणारीही काठावर होती."

"शास्त्राच्या लेखात असलं वाक्य? छापणारे कापतील ते, मामंजी."

"कापू देत," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले. "तू मात्र लिही."