दोन वाजताची डावी कूस

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला अख्खं कॉलेज तोफ म्हणायचं, आणि नाव ठेवणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. चिडली की आधी तिचं नाक लाल व्हायचं, मग कान, आणि त्यानंतर समोर असेल त्याने गुपचूप आडोसा शोधायचा.

त्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला मात्र तोफ एकदम खुशीत होती. पास झाल्यावर वर्षभर कुठल्या शाखेचं खास प्रशिक्षण घ्यायचं, त्याचा फॉर्म चारच्या आत ऑफिसात द्यायचा होता. एकच खूण, एकदाच. नंतर डोकं आपटलं तरी बदलून मिळणार नव्हती. आणि तिची खूण कधीच ठरली होती: ऑपरेशन थिएटर! खरं सांगायचं तर ती आत्याने ठरवली होती. आत्या थिएटरची इन्चार्ज. ती कॉरिडॉरमधून निघाली की वॉर्डबॉय भिंतीला पालीसारखे चिकटायचे. तिनेच फॉर्मवर पेन्सिलीने बारीक खूण करून दिली होती. "यावर पेन फिरव आणि सही ठोक. तेवढं तरी जमेल ना?"

तोफेला जमणार होतं. थिएटर म्हणजे काय रुबाब! हिरवे कपडे, झगझगीत दिवे, आणि डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला की बरोबर तीच कात्री त्या हातात. बाकी मैत्रिणी जळून खाक.

फक्त पेन हवं होतं. वॉर्डातल्या पेनांना पाय फुटतात, म्हणून ड्रायव्हरकाकांच्या खाटेवरच्या तक्त्याला एक पेन दोऱ्याने बांधून ठेवलेलं असायचं. तोफ तिकडे वळली.

ड्रायव्हरकाकांनी तीस वर्षं बस चालवली होती. मणक्याला मार बसल्यापासून कमरेखालचं काही हलत नव्हतं. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर त्याच्याच अंगाच्या भाराने खालची कातडी मरते. कधी कुठल्या कुशीवर वळवलं, ते त्या तक्त्यावर लिहायचं आणि सही करायची.

"काय पोरी, स्वारी खुशीत दिसतेय?" काका म्हणाले.

"थिएटरला चालले, काका!"

"जा बाई, जा. आमची गाडी एकाच गिअरमध्ये अडकलीय. सकाळपासून छत बघतोय. त्या पंख्याला तीन पाती आहेत, हे मी आता शपथेवर सांगू शकतो."

तोफ हसली. मग तिची नजर तक्त्यावर गेली आणि हसू तिथेच गोठलं.

बारा: उजवी कूस. दोन: डावी कूस. चार: पाठ. प्रत्येक नोंदीसमोर सही. आणि भिंतीवरच्या घड्याळात वाजले होते तीन पस्तीस.

चार अजून वाजायचे होते!

तिने काकांच्या अंगाखालची आडवी चादर ओढून त्यांना जेमतेम कलतं केलं आणि वाकून पाहिलं. माकडहाडावर नाण्याएवढी जखम, कडा जांभळ्या. वास आला.

नाक लाल. कान लाल.

"सिस्टर!" ती वॉर्डच्या सिस्टरवर अशी कडाडली की तीन पेशंट उठून बसले. "दोन वाजता यांना कोणी वळवलं?"

"अगं, हळू! सकाळीच भरून ठेवतो आपण. राउंडला कोरा तक्ता दिसला की मेट्रन सोलून काढते."

"माणूस सडला तरी चालेल, तक्ता भरलेला पाहिजे! भारी आहे की!"

"जास्त शहाणपणा नको." सिस्टरने तक्त्याची मागची पानं फर्रकन उलटली. "मंगळवारचं बघ. अक्षर कोणाचं आहे?"

मंगळवार. पाच रकाने, पाच सह्या, एका ओळीत, मोत्यासारख्या. तोफेच्या.

तिला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मंगळवारी सकाळीच आत्याने तिला मोठं ऑपरेशन बघायला बोलावलं होतं. तोफेने घाईघाईत पाचही रकाने भरले, काकांना म्हणाली "पाच मिनिटांत आले", आणि सहा तास थिएटरच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

"काका, मंगळवारी मी होते," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. पाच मिनिटांत येते म्हणाली होतीस." काका हसले नाहीत. पंख्याकडेच बघत राहिले.

आता मात्र तोफेला सगळ्यांचा राग आला. सिस्टरचा, मेट्रनचा, त्या तक्त्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आणि तो सगळा राग जिच्यावर निघायचा ती नेमकी तेव्हाच दारात उगवली.

"पावणेचार!" आत्या घड्याळावर बोट आपटत म्हणाली. "फॉर्म कुठाय? माझी भाची म्हणून मी शब्द टाकलाय तिकडे."

हॉस्पिटलात आत्याला मॅडम म्हणायचं, अहोजाहो करायचं, असा नियम होता. तोफ तो पार विसरली.

"आत्या, फॉर्म राहू दे. ती बाजू धर."

"काय?"

"चादर धर! यांना वळवायचंय, एकटीने होत नाही."

"अगं, मी थिएटरची इन्चार्ज..."

"म्हणून हातांना गंज चढलाय का?"

आत्याने डोळे वटारले. मग तिने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि चादर मुठीत गुंडाळली. "एक, दोन, तीन." काका अल्लद डाव्या कुशीवर आले. आत्याने न सांगता गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, टाचा अधांतरी केल्या. मग तिला जखम दिसली, आणि तिने पट्ट्यांचा ट्रे पुढे ओढला.

तोफेने ती धुतली, पट्टी केली. मग तक्त्यावरचे बारा, दोन आणि चार ठसठशीत खोडून लिहिलं: तीन पन्नास, डावी कूस. आणि मंगळवारच्या पानावर: वळवलं नाही. खाली सही.

"अगं बाई, लेखी?" सिस्टर किंचाळली. "निकाल अडकवतील तुझा!"

"अडकवू देत."

तिने पेन दोऱ्यासकट उपटलं आणि फॉर्म काकांच्या टेबलावर ठेवला. सगळ्यात शेवटची ओळ होती: जखमांची शुश्रूषा. तिथे कधी कोणी खूण करायचं नाही.

"पू-पट्टी?" आत्याचा आवाज चिरकला. "जन्मभर लोकांचे बेडसोअर पुसत बसणार?"

"पुसत नाही. होऊच देणार नाही. आणि जो होऊ देईल त्याला सोडणार नाही. आधी मला, मग बाकीच्यांना."

खूण करताना कागद फाटता फाटता वाचला.

दोन-दोन पायऱ्या उड्या मारत ती ऑफिसात पोचली, तेव्हा क्लार्क खिडकी लावतच होता. त्याने फॉर्म घेतला, चष्मा नाकावर सरकवला.

"यावर दोन खुणा आहेत."

"पेन्सिलीची आत्याची," तोफ धापा टाकत म्हणाली, "पेनाची माझी."

क्लार्कने तिच्या हातातल्या पेनाकडे आणि लोंबणाऱ्या दोऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या लालभडक कानांकडे. मुकाट्याने शिक्का मारला.

तोफ वर निघाली. पेन परत बांधायचं होतं, आणि पाच पन्नासला काकांना वळवायचं होतं.