बोटीवरून आलेलं ऑइल

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. ट्रकच्या इंजिनात ऑइल किती आहे, ते दाखवणारी. माझ्या टोकाशी दोन खुणा आहेत: वरची भरल्याची, खालची कमी झाल्याची. एवढंच माझं शिक्षण. जगात बाकी जे घडतं, त्यातलं निम्मं मला कळत नाही. आता ट्रक भंगारात गेला आणि मी एका गॅरेजात खिळ्याला लटकते, तरी कळत नाही.

१९७८ साली परतूरच्या साहेबरावांनी कोरा करकरीत ट्रक घेतला, त्यात मी होते. कुंभार पिंपळगावकडून कापूस भरून आणायचा, हे आमचं काम. ड्रायव्हर होता रखमाजी. तो मला इतक्या मायेने हाताळायचा की मी स्वतःला फार मोठी समजू लागले होते.

मग साहेबरावांचा मेहुणा सुट्टीवर आला. तो बोटीवर नोकरीला होता. त्याने ऑइलचे मोठे डबे आणले आणि म्हणाला, "दाजी, नव्या गाडीत हेच टाका. हे जमिनीतून काढलेलं न्हाई, कारखान्यात बनवलेलं हाय."

माझं डोकंच चालेना. करडईचं तेल करडईतून निघतं, इंजिनाचं जमिनीतून. मग हे कशातून निघालं? पण मला कोण विचारतो! रखमाजीने जुनं ऑइल काढलं, नवं ओतलं आणि एक रिकामा डबा रॉकेलसाठी घरी नेला. नवं ऑइल इतकं पातळ आणि फिकट होतं की मला वाटलं, आपण कोरड्याच आहोत.

दुसऱ्या दिवशी कापूस घेऊन आम्ही परतूरच्या बाजारात पोचलो. इंजिन बंद होतं न होतं तोच तिथे वाट बघत थांबलेल्या साहेबरावांनी मला उपसून काढलं. ऑइल खालच्या खुणेपर्यंतसुद्धा नव्हतं. त्यांनी ते बोटांवर चोळलं. चिकटपणा नाही.

"रखमाजी, हे ऑइल हाय का पाणी? बोटीवरचं कुठं इकलं?"

"मालक, समदं आतच टाकलंय."

"मंग दिसून का न्हाई राह्यलं? आन् डबा तुझ्या घरी कसा?"

हमाल काम थांबवून ऐकत होते.  रखमाजीने चावी बॉनेटवर ठेवली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. त्याची नोकरी चालली होती, आणि साक्ष माझी होती! मी खोटं दाखवलं नव्हतं. रखमाजीही खोटं बोलत नव्हता, त्याने सगळं ऑइल ओतताना मी तिथेच होते. मग दोघंही खरे कसे? मला रडूच यायचं बाकी होतं.

चोरी दाखवायला साहेबराव अडत्या अण्णासाहेबांना बोलवायला गेले. अण्णासाहेब आधी चहा संपवून मगच आले. त्यांनी मला फडक्याने पुसलं, आत सोडलं, पुन्हा काढलं. ऑइल थेट वरच्या खुणेला!

"साहेबराव, हे तर बिलकुल भरेल हाय. चालत्या गाडीचं ऑइल वर फिरतंय, खाली उतराया येळ लागतो. तुम्ही जल्दी केली."

साहेबराव खाली बघत म्हणाले, "घे रे चावी, रखमाजी."

"घेतो मालक. पण आधी हे ऑइल काढा. आपलं नेहमीचं टाका. ह्याच्याकडं बघून तुमाला परत माझा संशय यील."

त्याच संध्याकाळी ते भारी ऑइल काढलं. गावातल्या बैलगाड्यांना वंगण म्हणून ते गेलं. ऑइलचा काय गुन्हा होता, ते मला आजही उमगलेलं नाही.

त्यानंतर रखमाजी रोज मला काढून आधी साहेबरावांसमोर धरायचा. "बघून घ्या, मालक." साहेबराव न बघताच मान हलवायचे. मला त्या दोघांच्या मधे उभं राहणं फार जड जायचं.

मित्रांनो, माझं एक ऐका. गाडी थांबल्या थांबल्या मला ओढू नका. ऑइल खाली उतरू द्या, मला पुसा, मग विचारा. मी खोटं बोलत नाही. पण घाईने विचारलंत, तर मला खरंही सांगता येत नाही.