बेटावरचा पालथा कॅरम

मित्रांनो, जुना म्हणा, फुगलेला म्हणा, पण मी कॅरमच आहे. जन्म नाशिकच्या एका सुताराकडे आणि आयुष्य इगतपुरीकडच्या धरणात, एका बेटावर. धरणाचं पाणी चढलं तेव्हा टेकडीवरची वस्ती तेवढी कोरडी राहिली. तिथल्या समाजमंदिरात विरंगुळा केंद्र निघालं आणि मला होडीतून नेलं. होडीत बसलेला कॅरम तुम्ही पाहिला नसेल. मी मात्र त्या दिवशी फार ऐटीत होतो.

केंद्र कुणा एकाचं नव्हतं. बचत गटाच्या बाया चहा करायच्या, बद्रुद्दीनचाचा होडी हाकायचे आणि त्याच होडीतून उपकेंद्राच्या नर्स शुभांगीताई यायच्या. म्हातारी माणसं बीपी तपासायच्या नावानं पळ काढायची. मग ताईंनी युक्ती काढली. पुंजाबाबा नेम धरून बसले की त्या हळूच दंडाला पट्टा गुंडाळायच्या.

"ताई, नेम चुकला ना माझा!"

"गोळी चुकली नाही ना? मग झालं."

पुंजाबाबांची बायको कुसाबाई समोर बसायची. लेक शेखर नाशिकला गेल्यापासून ती घुमी झाली होती. माझ्यापाशी आली की मात्र तोंडाचा पट्टा सुरू. शेजारच्या सावळीरामला दमात घ्यायची, "भावजी, लबाडी करू नका, मला लय दिसतं!" ती हसली की माझ्या जन्माचं चीज व्हायचं.

मग चाचांचे गुडघे गेले. रोजची होडी हाकायला दुसरं कुणी मिळेना. ताई येईनाशा झाल्या, पुंजाबाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, कुणी आणल्या नाहीत. भाताच्या लावणीत पुंजाबाबा खाचरातच कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत.

बेटावर एक रीत होती. कुणाकडे सुतक आलं की मला पालथं घालायचं आणि सुतक फिटलं की त्याच घरच्या माणसानं येऊन सुलटं करायचं. म्हणजे दुःखातल्या माणसाला चारचौघांत यावंच लागे. कुसाबाईनं मला स्वतःच्या हातानं पालथं घातलं. दहाव्याला शेखरनं तिला नाशिकला रामकुंडावर नेलं आणि तिथूनच आपल्या फ्लॅटवर.

सावळीराम रोज येऊन बसे. कुणीतरी म्हणालं, "उचला की आता."

"आपून कशाला हात लावायचा? वैनी येतील, त्याच करतील."

एकदा कुसाबाईचाच फोन आला. सावळीराम माझ्याशेजारीच बसला होता.

"भावजी, खेळ चालू हाय ना?"

"हाय की! लय रंगतो. तुम्ही काळजी नका करू."

"बरं झालं बाई. मला वाटलं, माझ्यामुळं अडलाय. मंग मला यायची घाई नाय."

फोन बंद झाला तरी सावळीराम तो कानाला धरून बसला होता. त्यानं मायेनंच सांगितलं, मित्रांनो, पण मला त्याचा फार राग आला. अजून गेलेला नाही.

पुढच्या पावसात भिंतींना ओल आली, मी फुगलो, वाळवी लागली. सावळीरामही घोटीला मुलीकडे गेला. आता मला कुणी सुलटं केलं तरी सोंगटी सरकायची नाही. मला जपा, असं मी म्हणत नाही. ती वेळ गेली. एवढंच मागतो. तुमच्यातून कुणी उठून गेलं असेल आणि त्यानं विचारलं, तर आमचं छान चाललंय असं सांगू नका. अडलंय, असं खरं सांगा.